गोमा मापाऱ्याने इंजिन मोजलं

दहिवलीत गोमा मापारी धान्य मोजायला बसला की भाऊबंदकीत हमरीतुमरीवर आलेली माणसंसुद्धा गप्प व्हायची. वाटणीवरून कितीही कडाक्याचं भांडण असो, माप गोमाने घातलं म्हणजे ते बरोबर, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. बाह्या कोपरावर सारून तो राशीपुढे मांडी घालून बसे आणि पहिली पायली ओतताना 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणे. मग दोन, तीन, चार. त्या आवाजात ना घाई असे, ना कंटाळा. साठ-सत्तर पायल्या झाल्याखेरीज मान वर करायचा नाही, आणि मध्येच कुणी पाणी हवं का विचारलं तर असा बघायचा की विचारणाऱ्याचीच तहान मरावी.

हे काम त्याच्या घरात तीन पिढ्यांचं. बोरघाटात रेल्वेचा रस्ता फोडायचं काम चाललं होतं, तेव्हा मजुरांच्या शिध्याचा तांदूळ त्याच्या बापाने मोजला होता. बाप गेला तेव्हा पायली, शेर, पावशेर आणि नवटाक अशी सगळी मापं गोमाकडे आली. नवटाक त्यातली सगळ्यांत धाकटी, शेराचा आठवा हिस्सा, मुठीत मावेल एवढी पितळी. मापांबरोबर बापाने दोन गोष्टी दिल्या होत्या. एक, भरलेल्या मापावर बोट लावायचं नाही. दुसरी, माप कधी रितं करायचं नाही. ओतताना शेवटचे चार दाणे तळाला राहिलेच पाहिजेत. मापाऱ्याचं माप रितं झालं तर घरोघरची कणगी रिती होते. गोमाने हे इतकं अंगी बाणवून घेतलं होतं की माप ओतता ओतता त्याचं मनगट आपसूक मागे वळायचं. डोळे मिटून ओतलं असतं तरी चार दाणे राहिलेच असते.

त्याची बायको धोंडूबाई खालापुराकडच्या कुंभिवलीची. लग्न होऊन आली तेव्हा उखळाच्या कडेएवढी होती आणि आल्या दिवसापासून तिच्या हातात मुसळ आलं. घरचं भात कांडायचं, शिवाय गावातल्या चार घरचं. तीस वर्षं ती पहाटे उठून कांडत राहिली. चाळिशी उलटली आणि तिच्या उजव्या खांद्याने दावा मांडला. हात डोक्याच्या वर जाईना. चुलीवरचं भांडं उतरवताना ती ओठ दाताखाली धरायची. वैदू झाले, लेप झाले, शेक झाले. गुण कशानेच येईना, कारण मुसळ काही सुटत नव्हतं.

मग अण्णा बर्व्यांनी नदीकाठी भाताची गिरणी घातली. अण्णा कर्जतच्या जुन्या घराण्यातले, चार बुकं शिकलेले, आणि विलायती यंत्राचं वेड घेतलेले. त्यांनी मुंबईहून तेलावर चालणारं इंजिन आणवलं. बैलगाडीतून ते दहिवलीत उतरलं त्या दिवशी लोकांनी नाकं मुरडली. यंत्राच्या तांदळाला चव नसते, त्याने पोट दुखतं, बाया आळशी होतात, असलं बरंच बोलून झालं. हे बोलणाऱ्यांत एकही असा नव्हता ज्याने जन्मात कधी मुसळ उचललं होतं.

गोमा मात्र पहिल्या दिवसापासून इंजिनाच्या बाजूने होता. अण्णांनी त्याला गिरणीत मापारी म्हणून ठेवलं होतं हे खरं, पण कारण ते नव्हतं. गिरणी सुरू झाल्यावर दोन महिन्यांत धोंडूबाई रात्रीची कण्हायची थांबली. सहा महिन्यांत तिचा हात कानापर्यंत वर जाऊ लागला. गोमा सकाळी गिरणीत शिरला की आधी इंजिनाला हात जोडायचा. लोक हसायचे. एकाने विचारलं, "मापारी, ह्यो कुठला देव काडलास रं?" गोमा म्हणाला, "नाव ठावं नाय. पन पावला."

असं दीड वर्ष सुखाचं गेलं आणि एकोणीसशे चार साल उजाडता उजाडता इंजिन रुसलं.

म्हणजे झालं असं की, हंगामाआधी इंजिन खोलून साफ करायला अण्णांनी बाहेरून एक मिस्त्री बोलावला. त्याने दोन दिवसांत ते खोललं, पुसलं, जोडलं आणि तो निघून गेला. त्यानंतर ते धड चालेना. या इंजिनाची तऱ्हा अशी होती, की त्याच्या डोक्याशी मडक्यासारखा एक लोखंडी गोळा होता. सुरुवातीला दिव्याच्या आचेने तो लालबुंद तापवायचा. मग सिलेंडरात मागेपुढे होणारा दट्ट्या आत जाऊन हवा दाबायचा, त्या दाबलेल्या गरम हवेत तेल पेटायचं आणि दट्ट्याला बाहेर ढकलायचं. एकदा रंगात आलं की गोळा आपल्याच आचेवर तापलेला राहायचा, दिवा काढून घेता यायचा. आता मात्र दिवा काढला की पाव घटकेत इंजिन खोकायचं, ठसकायचं आणि गार पडायचं. दिवा सतत लावून ठेवला तर नुसतं फिरायचं, पण भात घातलं की दम तोडायचं.

तीन आठवडे अण्णांनी सगळं करून पाहिलं. तेल बदललं, नळ्या साफ केल्या, एकदा तर नारळही फोडला. शेवटी त्यांनी मुंबईला पत्र घातलं. यंत्र परत घ्यायला तिथला व्यापारी तयार झाला. सोमवारी कर्जत स्टेशनातून मालगाडीच्या वाघिणीत चढवून द्यायचं ठरलं. पुन्हा दुसरं घेण्याची हौस अण्णांना उरली नव्हती.

इकडे घराघरांत नवं भात येऊन पडलं होतं. धोंडूबाईने कोपऱ्यातलं मुसळ काढलं, धुतलं आणि कांडायला लागली. पहिल्या दिवशी गोमा म्हणाला, "थोडं कांड, दुसऱ्यांचं नको घेऊस." ती म्हणाली, "आपलं तरी खायला लागंल का नाय?" आठव्या दिवशी तिचा हात कानावरून खांद्यावर उतरला. पंधराव्या दिवशी ती डाव्या हाताने जेवायला लागली. गोमा समोर बसून ते बघायचा. त्याला कळत होतं की सोमवारी ते इंजिन गेलं, तर या बाईचा हात जन्माचा गेला.

त्या आठवड्यात अण्णांनी शेवटचा उपाय म्हणून हिरामणला बोलावलं. हिरामण पळसदरीचा. कर्जतच्या रेल्वे शेडात फिटर होता. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटणारी वाफेची इंजिनं त्याच्या हाताखालून जायची. माणूस हुशार, पण तोंडाचा फटकळ. त्याने इंजिनाभोवती दोन फेऱ्या मारल्या, चाक हाताने फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "अण्णा, ह्ये फुसकं झालंय. दट्ट्या आत जाताना चाक जेवढं अडायला पायजे तेवढं अडत नाय. हवा नीट दबतच नाय."

अण्णांनी इंजिनाबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक काढलं. बोट ठेवून ठेवून वाचताना त्यांना एक जागा सापडली. दट्ट्या बाहेर असताना आत जेवढी हवा मावते, ती दट्ट्या आत गेल्यावर चौथ्या हिश्शाच्या जागेत कोंडली गेली पाहिजे. तेवढी कोंडत नसेल तर दट्ट्याच्या दांड्याखाली पोलादाची पट्टी घालावी, म्हणजे दट्ट्या आणखी आत जाईल आणि जागा कमी होईल. हिरामणने मांडीवर थाप मारली. "मंग पट्टी व्हती! त्या मिस्त्र्यानं खोलताना काडली आन परत घातलीच नाय."

"पण किती जाडीची?" अण्णा म्हणाले. पुस्तकात जाडी दिलेली नव्हती. प्रत्येक इंजिनाची वेगळी, मोजून काढावी, एवढंच लिहिलं होतं.

दट्ट्या जेवढ्या जागेत मागेपुढे होतो ती जागा मोजणं अण्णांना सोपं होतं. सिलेंडरचं तोंड आठ इंच, दट्ट्याची धाव चौदा इंच. त्यांनी पाटीवर गुणाकार मांडला. पत्र्याचा एक चौकोनी डबा इंचपट्टीने मापला, त्यात स्वतः गोमाच्या शेराने पाणी ओतून एका शेराला किती जागा लागते ते काढलं आणि सांगितलं, "धावेची जागा बारा शेर." दट्ट्या पूर्ण आत गेल्यावरही जी जागा शिल्लक राहते ती चार शेर असायला हवी, म्हणजे बारा आणि चार सोळा, आणि सोळाचा चौथा हिस्सा चार. पण ती शिल्लक जागा त्या मडक्यासारख्या गोळ्याची, वाकड्यातिकड्या नळीची. तिला इंचपट्टी कुठे लावणार? अण्णा डोकं खाजवत बसले.

"मी मापतो की," गोमा दारातून म्हणाला.

हिरामण हसला. "मापारीबुवा, तांदूळ हाय व्हय ह्यो?"

"तांदूळ नसंल. पन जागा हाय ना? मंग तिच्यात कायतरी मावंल. जे मावंल ते मोजायचं." गोमा आत आला. "दट्ट्या पार आत सारून ठेवा आन वरच्या भोकातून तेल वतूया. किती मावलं ते मी सांगतो. चाळीस वर्सात माजं माप चुकलेलं नाय."

अण्णांनी हिरामणकडे पाहिलं, आणि हिरामणने, तोंड वाकडं करून का होईना, मान हलवली.

शुक्रवारी दुपारी मापणी झाली. पातळ तेल दट्ट्याच्या कडेने झिरपून जाईल म्हणून हिरामणने एरंडेल आणायला सांगितलं. मधासारखं दाट एरंडेल. शेराने ओतलं तर शेवटचा हिशेब अर्धवट राहील, बारीक मापानेच मोजायचं, असं गोमाने ठरवलं आणि नवटाक काढली. भोकाला नरसाळं लावलं. गोमा मांडी घालून बसला, त्याने बाह्या सारल्या आणि पहिली नवटाक ओतत म्हणाला, "लाभ."

हिरामणसुद्धा गप्प बसला. दोन. तीन. चार. काठोकाठ भरायची, ओतायची, मनगट वळायचं, पुन्हा भरायची. एक्केचाळीसाव्या नवटाकेला तेल भोकाच्या तोंडाशी येऊन चमकलं. एक्केचाळीस नवटाका, म्हणजे पाच शेर आणि वर एक नवटाक. असायला हवे होते चार शेर, बत्तीस नवटाका. नऊ नवटाका जागा जास्त होती. अण्णांनी पुन्हा पाटी ओढली. दट्ट्या एक इंच आत सरकला की सात नवटाका जागा कमी होते. तेव्हा नऊ नवटाकांना सव्वा इंच.

"सव्वा इंचाची पट्टी," ते म्हणाले, आणि तीन आठवड्यांनी पहिल्यांदा हसले. "उद्या सकाळी शेडात साहेबाला विचारून भंगारातला तुकडा कापतो," हिरामण म्हणाला. जाताना त्याने गोमाच्या पाठीवर थाप मारली. गोमा घरी आला तो तरंगतच. जेवताना त्याने धोंडूबाईला सगळं दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना हिरामणची थाप जरा जोराची झाली.

शनिवारी सकाळी धोंडूबाई अंगणात मापं घासायला बसली. एरंडेल लागलेली नवटाक तिने डाव्या हाताने उचलली, राखेत उपडी केली आणि थांबली.

"अवो, हिच्यात तर तेल हाय की," ती म्हणाली.

"आसंल जरा. चिकट आसतं ते."

"जरा नाय. बोटभर हाय." तिने नवटाक त्याच्यापुढे धरली. राखेवर तेलाचा चांगला मोठा डाग पडला होता आणि भांड्याच्या कडेवरून आणखी ओघळत होतं. मग ती सहज म्हणाली, कुठलाही डाव मनात न धरता, "तुमी माप रितं कधी करता? दान्याचं ठीक हाय. चार दानं राह्यलं काय नि नाय राह्यलं काय. पन तेलाचं चार दानं कशे राहतील?"

गोमा तडक उठला, घरातून उरलेलं एरंडेल आणि शेर घेऊन आला. नवटाक भरून, नेहमीसारखी, आपल्या हाताच्या सवयीने शेरात ओतू लागला. आठ नवटाकांचा शेर भरतो, हे दहिवलीतलं शेंबडं पोरही सांगेल. गोमाने आठ ओतल्या. शेर भरला नाही. नववी ओतली, तरी काठ दिसतच होता. दहावीतलं थोडं घातलं तेव्हा कुठे तेल काठाला लागलं.

म्हणजे कालच्या एक्केचाळीस नवटाका खऱ्या एक्केचाळीस नव्हत्याच. जागा सांगितली त्याहून कितीतरी कमी होती. बारीक माप घेतलं ते अचूक व्हावं म्हणून, आणि चूक नेमकी बारीक मापातच सगळ्यांत मोठी झाली होती. मोठ्या मापात तेवढं राहिलेलं तेल कुणाच्या खिजगणतीतही आलं नसतं.

तो ओट्यावर बसून राहिला. खोटं कशाला बोला, त्याच्या मनात पहिला विचार आला तो गप्प बसण्याचा. पट्टी घालतील, इंजिन चालणार नाही. सगळे म्हणतील, इंजिनच खोटं. सोमवारी ते वाघिणीत जाईल. मापाऱ्याच्या मापाला कोण नाव ठेवणार? तीन पिढ्यांचं नाव, तसंच्या तसं राहील. आणि आपण होऊन सांगितलं तर त्या फटकळ हिरामणला जन्मभराचं कोलीत मिळेल.

मग अंगणातून कांडण्याचा आवाज यायला लागला. धोंडूबाईने मुसळ डाव्या हातात धरलं होतं, उजवा नुसता आधाराला. प्रत्येक घावाला तिचं तोंड कसनुसं व्हायचं.

गोमा उठला आणि धावत सुटला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, धोतराचा सोगा हातात धरून, गुडघाभर पाण्यातून उल्हास नदी ओलांडून, पलीकडच्या शेतांतून थेट रेल्वेच्या शेडात. हिरामण भट्टीपाशी उभा होता. पट्टी कापून तयार होती.

"हिरामण, थांब. माजं माप चुकलं," गोमा धापा टाकत म्हणाला. तिथेच लोखंडाच्या ढिगावर बसून त्याने सगळं सांगितलं. चार दाण्यांचं, मनगटाचं, धोंडूबाईने दाखवलेल्या तेलाचं. काही लपवलं नाही.

हिरामण ऐकत राहिला. आता हा हसणार, असं गोमाला वाटलं. हिरामण हसला नाही. त्याने पट्टी उचलून हातात तोलली.

"सव्वा इंच घातली असती," तो सावकाश म्हणाला, "तर दट्ट्या जाऊन झाकनावर बसला असता. मंग आमी म्हनलो असतो, ह्ये इंजिनच चुकीचं हाय, द्या परत. बरं झालं आलास." आणि पट्टी खाली ठेवत, "जाड पट्टी पातळ करता येती, दादा. पातळ पट्टी जाड करता आली नसती. चल, परत मोजू."

दोघं दहिवलीला आले. अण्णांना सांगताना गोमाची मान खाली होती. अण्णांनी पाटीवरचा हिशेब पुसला. मग म्हणाले, "गोमा, तू बोलला नसतास तर मला कधी कळलं नसतं. बैस. पुन्हा मोज."

बैस म्हणणं सोपं होतं. नवटाक पार रिती करायची, शेवटचा थेंब गळेपर्यंत उपडी धरायची, हे त्या हाताला माहीतच नव्हतं. हिरामणने आत राहिलेलं कालचं तेल काढून घेतलं, पहिली नवटाक ओतली आणि मनगट मागे वळायला लागलं. गोमाने डाव्या हाताने उजवं मनगट धरून ठेवलं. बाप आठवला. घरोघरच्या कणग्या आठवल्या. काहीतरी अभद्र आपल्या हातून होतंय अशी भीती त्याला वाटली, खरोखरची भीती. तो मनातल्या मनात म्हणाला, बाबा, राग धरू नका, पोटासाठी नाही करत, तिच्या हातासाठी करतोय. थेंब थेंब गळून नवटाक रिती झाली. आतलं पितळ त्याने जन्मात पहिल्यांदा तळापर्यंत पाहिलं.

"लाभ," तो म्हणाला.

दुसरीला त्रास कमी झाला. दहावीपासून हात ऐकायला लागला. प्रत्येक नवटाक गळायला इतका वेळ लागत होता की मापणी संपेपर्यंत सूर्य कलंडला. छत्तिसाव्या नवटाकेला तेल भोकाशी आलं. छत्तीस. चार नवटाका जास्त, नऊ नव्हे. अण्णांनी पाटीवर लिहिलं: अर्ध्या इंचाहून जरा वर. हिरामणने कानस घेतली.

रविवारी शेडाला सुट्टी होती. हिरामण सकाळपासून गिरणीत होता. पट्टी बसवली, दांडा आवळला, चाक हाताने फिरवलं. दट्ट्या आत जायला लागला तसं चाक अडलं, चांगलं दणकून अडलं, आणि हिरामणच्या फटकळ तोंडातून एक शिवी इतक्या प्रेमाने निघाली की अण्णांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दिवा लावला. गोळा लाल झाला. हिरामणने चाकाला झोका दिला आणि इंजिन ठोके द्यायला लागलं.

ते तर रोजचंच होतं. खरी परीक्षा पुढे होती. हिरामणने दिवा काढून घेतला आणि तिघे उभे राहिले. पाव घटका गेली. अर्धी घटका गेली. अण्णांनी घड्याळ काढलं, ठेवलं, पुन्हा काढलं. इंजिन ना खोकलं, ना ठसकलं. अण्णांनी पट्टा चढवला आणि भाताची पहिली टोपली वरून ओतली. ठोका जरासा जड झाला आणि तसाच चालू राहिला. खालून पांढरे तांदूळ पडायला लागले.

आवाज गावभर गेला. गेले तीन आठवडे कांडून कांडून हात भरून आलेल्या बाया भाताच्या टोपल्या घेऊन धावत आल्या. धोंडूबाईही आली, टोपली डाव्या कडेवर घेऊन. दाराशी गर्दी झाली. अण्णा मोठ्याने म्हणाले, "पोरींनो, आज गोमाला हात जोडा. त्याच्या मापाने इंजिन वाचलं. नाहीतर उद्या ते मुंबईला जाणार होतं."

"नाय, अण्णा," गोमा म्हणाला. तो पुढे आला. "माज्या मापानं तर ते गेलंच असतं. चाळीस वर्सं मी म्हनत आलो माजं माप चुकत नाय, पन चुकलं. हिनं दावलं." त्याने धोंडूबाईकडे बोट केलं, आणि मग सगळ्या गावादेखत, ज्या काळी नवरा बायकोचं नावसुद्धा चारचौघांत घेत नसे त्या काळी, त्याने तिला हात जोडले. "तुजे लई उपकार हायत माज्यावर. आजचेच नाय, तीस वर्सांचे. मी कधी बोललो नाय."

बाया तोंडावर पदर घेऊन हसू लागल्या. धोंडूबाई इतकी लाजली की तिला टोपली कुठे ठेवावी ते कळेना. "काय तरीच तुमचं," ती म्हणाली. "भांडी घासताना दिसलं, बोलले. आता ह्ये भात घ्या आदी."

तिचं भात पहिलं भरडलं गेलं. सोमवारची वाघीण रिकामीच गेली. पुढे बरीच वर्षं गोमा गिरणीत माप घालत राहिला. आपलं माप एकदा कसं चुकलं ही गोष्ट तो विचारील त्याला आणि न विचारील त्यालाही आपण होऊन सांगायचा. सांगताना हिरामणचं नाव आलं की हात जोडायचा, अण्णांचं आलं की जोडायचा. लोकांचा विश्वास कमी झाला असेल म्हणावं, तर उलट वाढलाच. आपली चूक धावत येऊन सांगणारा मापारी कुणाला नको असतो?

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी दुपारी दोघं घरी आली, जेवली, आणि धोंडूबाई जरा पाठ टेकते म्हणून चटईवर आडवी झाली. तीन आठवड्यांत तिला दिवसा लवंडायला सवड मिळाली नव्हती. बघता बघता तिचा डोळा लागला. नदीकडून इंजिनाचे ठोके स्पष्ट ऐकू येत होते, त्यांनी तिची झोप मोडली नाही. गोमा दारात बसला. शेजारची कोंबडी कुडाखालून आत शिरू बघत होती, तिला त्याने हाकललं. थोड्या वेळाने शेजारीण काहीतरी विचारायला अंगणात आली. गोमाने ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाला, "मागनं ये गं. निजलीय ती."